व्हाइट अंडरविंग पतंग कसा ओळखायचा, कुठे शोधायचा

अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांत किंवा कॅनडात राहत असाल आणि आसपास ॲस्पेन, पॉपलर किंवा बर्चची झाडं असतील तर जुलै ते ऑक्टोबर हा पतंग नक्की शोधा. शास्त्रीय नाव कॅटोकाला रेलिक्टा. उत्तर अमेरिकेत कॅटोकालाच्या, म्हणजे अंडरविंग पतंगांच्या, शंभरच्या आसपास जाती आहेत, बऱ्याच एकमेकींसारख्या दिसतात, पण ही नवशिक्यालाही ओळखता येते म्हणून सुरुवात हिच्यापासूनच करा असं मला वाटतं.

पुढचे पंख पांढरट-राखाडी, त्यावर काळ्या नागमोडी रेघा. काही पतंग जवळजवळ पांढरे तर काही बरेच काळपट असतात, त्यामुळे नुसत्या पुढच्या पंखांवर जाऊ नका. खरी खूण मागच्या पंखावर, काळा पंख आणि मधोमध पांढरा वळणदार पट्टा. विडो अंडरविंगसारख्या जातींचे मागचे पंखही काळे असतात, पण त्यांना हा मधला पट्टा नसतो.

आता मागचे पंख बघायचे कसे, कारण बसला की तो ते पूर्ण झाकून घेतो आणि बर्चच्या सालीत असा मिसळतो की हातभरावरूनही दिसत नाही. बोटाने पंख उचलू नका प्लीज, खवले झडतात. त्यापेक्षा जास्त पिकलेली केळी, ब्राऊन शुगर आणि थोडी बीअर कालवून एक दिवस आंबू द्या, संध्याकाळी खोडाला छातीच्या उंचीवर फासा आणि अंधार पडल्यावर मंद टॉर्च घेऊन फेऱ्या मारा. उबदार, दमट रात्र सगळ्यात चांगली. रस पिताना अंडरविंग बऱ्याचदा पंख अर्धवट उघडतात, तेवढ्यात फोटो काढायचा. (विदर्भात संत्र्यातला रस शोषणारे पतंग याच इरेबिडी कुळातले, तेही मागचे रंगीत पंख असेच झाकतात.)

वर्षाला एकच पिढी. मादी सालीच्या फटीत अंडी घालते आणि अख्खा बर्फाळ हिवाळा अंड्यातच जातो. वसंतात कोवळी पानं फुटली की सुरवंट निघतात, पॉपलर, ॲस्पेन, विलोची पानं खातात, आणि मोठे झाले की दिवसा फांदीला चिकटून पडून राहतात, कडेला बारीक झालर असल्यामुळे सावलीसुद्धा पडत नाही. मग पानांमध्ये पातळ कोष विणतात, तोही बहुतेक जमिनीवरच्या पाल्यात. म्हणून उन्हाळ्याच्या सुरुवातीला या झाडांखालचा पाला झाडून काढू नका आणि वसंतात अळ्यांसाठीची फवारणी करू नका, बीटीची (जिवाणूंपासून बनवलेलं कीटकनाशक) सुद्धा नाही, ती या सुरवंटांनाही मारते.