मांजराच्या रक्ताच्या रिपोर्टचा अर्थ लागत नाही, तेव्हा

ठळक छापलेला आकडा दिसला की लगेच आजाराचं नाव शोधू नका. आकडा खरा आहे का, ते आधी बघा. 'नॉर्मल' मर्यादा निरोगी मांजरांपैकी साधारण 95 टक्क्यांना धरून ठरवतात. म्हणजे वीस चाचण्यांत धडधाकट मांजराचाही एखादा आकडा जरासा बाहेर जायचाच.

सगळ्यात जास्त फसवतात प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी. रक्त काढतानाच मांजराच्या प्लेटलेट्सच्या गुठळ्या होतात, यंत्राला त्या नीट मोजता येत नाहीत आणि 'फार कमी' असं छापून येतं. काचपट्टीवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघायला सांगा. साखरेचंही तसंच. घाबरलेल्या मांजराची साखर 300 मिग्रॅ/डेसिलिटरच्या पुढेही जाते. फ्रुक्टोसामाइन ही रक्तचाचणी साखरेची मागच्या एक-दोन आठवड्यांची सरासरी दाखवते, त्यामुळे मधुमेह ठरवण्याआधी ती आणि लघवीतली साखर बघावी. पोटॅशियम भलतंच जास्त, कॅल्शियम भलतंच कमी, आणि मांजर मात्र मजेत? जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमधलं ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) नमुन्यात मिसळलं असणार. रक्त पुन्हा काढा.

एएलपी या यकृताशी संबंधित एन्झाइमची गोष्ट उलटी. मांजरात ते रक्तातून काही तासांतच निघून जातं, म्हणून थोडं वाढलेलं असलं तरी सोडून देऊ नका. मांजर दहा वर्षांच्या पुढचं, खातंय भरपूर तरी वाळतंय आणि एएलटी (यकृताचं आणखी एक एन्झाइम) वाढलंय, तर यकृताच्या मागे लागण्याआधी टी4, म्हणजे थायरॉइडची चाचणी, करा.

क्रिएटिनिन (स्नायूंतून येणारा, मूत्रपिंडं बाहेर टाकतात तो टाकाऊ पदार्थ) लघवीच्या तपासणीशिवाय वाचू नये. लघवी त्याच दिवशी, सलाईन लावण्याआधी घ्यायची. नंतर ती पातळच येणार. लघवीचं विशिष्ट गुरुत्व (ती किती दाट आहे याचं माप) 1.035 च्या वर असेल तर क्रिएटिनिन वाढण्याचं कारण बहुधा शरीरात पाणी कमी पडलंय, 1.010 च्या आसपास रेंगाळत असेल तर संशय मूत्रपिंडावर. हडकलेल्या मांजरात स्नायूच कमी, त्यामुळे क्रिएटिनिन खोटा दिलासा देतं.

ग्लोब्युलिन (दाह किंवा संसर्गात वाढणारी रक्तातली प्रथिनं) जास्त आलं तर महागड्या चाचण्यांआधी तोंड उघडून हिरड्या बघा. अल्ब्युमिन (रक्तातलं दुसरं मुख्य प्रथिन) आणि ग्लोब्युलिन यांचं गुणोत्तर 0.8 च्या वर असेल तर एफआयपीची (कोरोना विषाणूमुळे मांजरांना होणारा गंभीर आजार) शक्यता कमी, 0.4 च्या खाली असेल तर संशय बळावतो.

किरकोळ बिघाड असेल तर एक-दोन आठवड्यांनी त्याच प्रयोगशाळेत पुन्हा तपासा. मोठ्या मांजराला आधी 8 ते 10 तास उपाशी ठेवा, पाणी चालू. रक्तक्षय असेल तर रेटिक्युलोसाइट, म्हणजे नव्या तयार झालेल्या लाल पेशी, मोजा. रक्तस्राव नुकताच झाला असेल तर ते वाढायला तीन-चार दिवस लागतात. निदानाआधी 'देऊन बघू' म्हणून स्टेरॉइड नको, त्याने लिम्फोमा (लसिका पेशींचा कर्करोग) झाकला जातो. मायकोप्लाझ्मा (लाल पेशींवर हल्ला करणारे जिवाणू) शोधणाऱ्या पीसीआर चाचणीचा नमुनाही डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक सुरू करण्याआधी घ्यावा.

डॉक्टरांकडे जुने सगळे रिपोर्ट, तारखेसह वजनं, चालू औषधं आणि घरातल्या झाडांची यादी न्या. लिलीचा परागही मूत्रपिंड निकामी करतो.

मात्र दिवसभर काहीच न खाणं, पिवळ्या हिरड्या, तोंड उघडून श्वास किंवा बोक्याचं लघवीसाठी नुसतं कुंथणं दिसलं, तर रिपोर्टची वाट न बघता त्याच तासाला दवाखाना गाठा.