दिव्यांगांच्या अर्जात आपला नंबर टाकू नका

दिव्यांगांसोबत काम करायला निघालेल्यांना २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा, त्यातले दिव्यांगत्वाचे २१ प्रकार, सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाची अट हे बहुतेक ठाऊक असतं. काम अडतं ते यूडीआयडीच्या, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राच्या, अर्जातल्या एका साध्या रकान्यात. मोबाइल नंबर.

घरात फोन नाही, असला तर रिचार्ज नाही, म्हणून मदत करणारा स्वतःचाच नंबर टाकून मोकळा होतो. अजिबात टाकू नका. ओटीपी, अर्जाचे निरोप, पुढे नाव-पत्त्याची दुरुस्ती, हरवलेलं कार्ड पुन्हा काढणं, सगळं त्याच नंबरावर अडकतं. तुम्ही नोकरीसाठी पुण्याला गेलात, सिम बंद पडलं, की नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावच्या पाड्यावरचा माणूस स्वतःच्याच कार्डाला मुकला. झेरॉक्सवाल्याचा नंबर त्याहून वाईट, दरवेळी त्याच्यापुढे हात पसरा. अर्जदाराचा, नाहीतर त्याच घरातल्या, बाराही महिने गावात राहणाऱ्या कुणाचा तरी नंबर हवा. ऊसतोडीला गुजरातेत जाणाऱ्या भावाचाही नको. दिवाळीनंतर गेलेला तो होळीला, भोंगऱ्याच्या बाजाराच्या सुमारास परततो, तोवर दवाखान्यातल्या तपासणीची तारीख उलटून जाते. नंबरच नसेल तर आधी सिम, मग अर्ज. आठवडाभर उशीर झाला तरी बिघडत नाही. भरलेला नंबर लावून तो त्याच घरात वाजतो का पाहा, आणि अर्जाचा नोंदणी क्रमांक रेशनकार्डाच्या झेरॉक्सवर ठळक लिहून घरीच ठेवा.

आधारवर आणि शाळेच्या दाखल्यावर नाव वेगळं असेल तर आधार आधी दुरुस्त करा. यूडीआयडीचा अर्ज फुकट असतो. पैसे मागणाऱ्या एजंटाला दारात उभं करू नका. शिबिरांचा मला तिटकाराच आहे: फोटो निघतात, अर्ज गठ्ठ्याने भरले जातात, आणि नंबर सगळ्यांवर एकाचाच.

सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेल, हा रक्ताचा आनुवंशिक आजार, विसरू नका. थॅलेसेमिया, हिमोफिलियासोबत तोही त्या २१ मध्ये आहे, पण माणूस चालता-बोलता दिसतो म्हणून यादीतून सुटतो. रिपोर्ट नीट वाचा. एएस म्हणजे नुसता वाहक, त्याला दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र मिळत नाही. एसएस, म्हणजे प्रत्यक्ष आजार, असेल तर उपचाराचे जुने कागद, रक्त चढवल्याच्या नोंदी, दवाखान्यात भरती झाल्याचे कागद जोडा. दिव्यांगत्वाचे टक्के त्रासावरून ठरतात, आजाराच्या नुसत्या नावावरून नाही. कानाचा दोष असेल तर ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, लागते, लहान मुलांना बहुधा बेरा, म्हणजे मेंदूच्या प्रतिसादावरून ऐकणं मोजणारी तपासणी. ही सोय दवाखान्यात त्या दिवशी आहे का हे आधी फोन करून विचारा, नाहीतर पहाटेची एसटी पकडून नंदुरबारला आलेली माय लेकराला घेऊन तशीच माघारी जाते.

गुरू करायचाच असेल तर गावातल्या आशाताईला करा, व्हॉट्सअॅपवरच्या सरांना नको. अहिराणी येते म्हणून पाड्यावर बोलायला गेलात तर तिथे पावरी, पावरा आदिवासींची बोली, चालते, आणि ती आशाताईला येते.

ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्चायचा असतो. तो ग्रामसभेत मागा, पण आकडा सांगून आशा लावू नका. डोंगरातल्या ग्रामपंचायतीचं स्वउत्पन्न मुळात तुटपुंजं असतं. मागणी मात्र लेखीच द्या, आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह शिक्का घेतल्याशिवाय तिथून उठू नका. पहिल्या खेपेला कारकून टाळेल. घाबरू नका भाऊ, दुसऱ्या खेपेला तो तुम्हाला ओळखतो.