संगीतावरचे तांब्याचे एचिंग : या चुका टाळा

माक्स क्लिंगर या जर्मन चित्रकाराने संगीतकार ब्राम्सच्या संगीतावर ४१ मुद्राचित्रांची ‘ब्राम्सफँटसी’ ही मालिका १८९४ साली पूर्ण केली आणि संगीतकार आपल्या रचनेला देतात तसा ओपस क्रमांक तिला दिला. पियानो, समुद्र आणि स्वरलिपी तिच्यात एकत्र नांदतात. एचिंगमध्ये तांब्याच्या प्लेटवर ग्राउंड म्हणजे मेणासारखा संरक्षक लेप लावतात, त्यात रेषा ओरखडतात, उघड्या पडलेल्या रेषा द्रावणाला खाऊ देतात आणि त्या खोल रेषांत शाई भरून कागदावर ठसा घेतात. संगीतावर एचिंग करू पाहणाऱ्या नवशिक्याचे सारे लक्ष मात्र वाद्याच्या आकारावर असते, आणि आवाजाचा चढउतार जिच्यातून दाखवता येतो ती रेषेची खोली द्रावणाच्या मर्जीवर सोडली जाते. प्लेट बिघडते ती बहुधा तिथेच.

सगळ्या रेषा एकाच बैठकीत खाऊ देणे ही सर्वात महाग पडणारी चूक आहे. तंबोऱ्याचा अखंड झंकार आणि तबल्यावरची समेची थाप यांना द्रावणात सारखाच वेळ मिळाला, तर ठशात दोन्हींचे वजन जवळपास सारखेच उमटते. प्लेट ठरावीक वेळाने बाहेर काढून धुवावी, कोरडी करावी, नाजूक रेषा स्टॉप-आउट वार्निशने झाकाव्यात आणि उरलेल्या रेषांसाठी ती पुन्हा द्रावणात सोडावी. फेरिक क्लोराइडचे हे द्रावण गडद तपकिरी असल्याने आत काय चालले आहे ते दिसत नाही, आणि थंडीत किंवा वापरून जुने झाल्यावर ते मंदावते. म्हणून त्याच तांब्याच्या पट्टीवर आधी वेळेची चाचणी घेतलेली बरी.

प्लेटची रेखाटलेली बाजू वर ठेवणे ही चूक वरकरणी किरकोळ वाटते. प्रत्यक्षात विरघळलेल्या धातूचा गाळ रेषेतच साचतो आणि ती उथळ व असमान राहते. प्लेट उभी धरावी किंवा छोट्या टेकूंवर पालथी ठेवावी, आणि मागची बाजू वार्निशने किंवा चिकटपट्टीने पूर्ण झाकावी.

स्वरलिपी कोरताना दोन धोके असतात. ठसा उलटा येतो, त्यामुळे अक्षरे प्लेटवर आरशातल्यासारखी लिहावी लागतात, हे बहुतेकांना ठाऊक असते. दुसरा धोका लक्षात येत नाही. भातखंडे लिपीत स्वराखालचा ठिपका मंद्र सप्तक दाखवतो, वरचा ठिपका तार सप्तक. प्लेटवर बोटांचे तेल राहिले असेल किंवा ग्राउंड नीट बसला नसेल, तर द्रावण नको तिथे बारीक खड्डे पाडते. त्यातला एखादा ‘सा’च्या डोक्यावर पडला की ठशात तो काळा ठिपका होतो आणि मध्य सप्तकातला षड्ज तार सप्तकात जाऊन बसतो! म्हणून ग्राउंड लावण्यापूर्वी प्लेट खडूची पूड आणि अमोनियाने घासावी. धुतल्यावर पाण्याचा थर कुठेही न फाटता पसरला, तर तेल गेले असे समजावे. खड्डा पडलाच असेल, तर तो स्क्रेपरने हलकेच खरवडून, तेलाचा थेंब टाकून बर्निशरने घोटावा. तांबे मऊ असल्याने ही दुरुस्ती चांगली साधते.

सतारीच्या तारा फार जवळजवळ ओढून प्लेट जास्त वेळ खाऊ दिल्यास मधला ग्राउंड उखडतो आणि रेषा एकमेकींत मिसळतात. अशा रुंद, सपाट खळग्यात शाई ठरत नाही. पुसताना ती निघून जाते आणि ठशात कडा काळी, मधला भाग फिकट दिसतो. त्या भागावर अ‍ॅक्वाटिंट (राळेच्या पुडीचे दाणे तापवून प्लेटवर चिकटवणे आणि त्यांच्यामधली जागा द्रावणाला खाऊ देणे) करणे हाच उपाय आहे. राळेची पूड कमी तापवली तर द्रावणात सुटते, जास्त तापवली तर वितळून सगळा पृष्ठभाग बंद करते. दाणे पारदर्शक होताच आच काढावी. हवेत उडालेली ही पूड ज्योतीजवळ पेट घेऊ शकते, म्हणून पूड खाली बसल्याशिवाय ज्योत पेटवू नये, आणि तोंडावर मास्क असावा.

ठसा फिका आला की प्लेट पुन्हा द्रावणात घालण्याची घाई होते. आधी रेषेवरून नख फिरवावे. नख अडकत असेल तर खोली पुरेशी आहे. दोष छपाईचा आहे. कागद कमी ओला असेल, प्रेसचा दाब हलका असेल, किंवा जाळीच्या कापडाने पुसताना रेषेतली शाईच उपसली गेली असेल. अशा वेळी प्लेट किंचित गरम करून शाई नव्याने भरावी, हात सपाट ठेवून पुसावी आणि दाब थोडा वाढवून पुन्हा ठसा घ्यावा.