जुन्या ड्रम सेटची वाजवी किंमत कशी ठरवावी

बँड पार्टी बंद झाली, माळा रिकामा करायचा ठरला, की कोपऱ्यातला ड्रम सेट बाहेर येतो. विकणारा म्हणतो, "साठ वर्षांचा जुना आहे भाऊ, लाखाच्या खाली देणार नाही." घेणारा भंगाराच्या भावापासून सुरुवात करतो. जळगाव-धुळ्याकडे असे सौदे बहुतेक वेळा पान (ड्रमवर ताणलेला पडदा) न उघडताच होतात, आणि म्हणून दोघांचेही आकडे हवेत असतात. सेटची किंमत वयावर कमी आणि आत काय दिसतं त्यावर जास्त ठरते.

सोबत ड्रमची चावी (पानाचे बोल्ट फिरवायची), मोजपट्टी, टॉर्च, लोहचुंबक आणि सपाट जाड काच घ्या. टीपॉयची काच चालते. शहाबादी फरशी चालत नाही, ती सपाट नसते.

1. सेट कुणाचा, ते पाहा

शेलवरचा (ड्रमच्या पोकळ अंगावरचा) धातूचा बिल्ला वाचा. लुडविग या अमेरिकी कंपनीने 1963-64 च्या सुमारास बिल्ल्यांवर अनुक्रमांक टाकायला सुरुवात केली, पण कारखान्यात बिल्ले क्रमाने लागत नसत. त्यामुळे नंबरावरून नेमकं वर्ष काढू नका. आतल्या बाजूला लाल शाईचा तारखेचा शिक्का असेल तर तो जास्त भरवशाचा. ग्रेच या दुसऱ्या अमेरिकी कंपनीचा गोल बिल्ला साधारण 1971 पर्यंतचा, त्यानंतर अष्टकोनी. बिल्ला सहसा मधल्या हवेच्या छिद्रातल्या कडीने धरलेला असतो. खिळ्याने ठोकलेला किंवा डिंकाने चिकटवलेला असेल तर तो दुसऱ्या ड्रमवरून आलेला असू शकतो.

1960 च्या दशकात जपानी कारखान्यांनी एकच सेट वेगवेगळ्या नावांनी विकला. हे सेट वाजवायला ठीक, पण संग्राहक त्यांना मोठा भाव देत नाहीत. मेरठच्या जली कोठीत बँडची वाद्यं पिढ्यान्‌पिढ्या बनतात. तिथल्या ड्रमला वाजवण्यापुरताच भाव लावावा.

2. पानं काढा

खरा वेळ इथे द्यायचा. वरातीच्या गाडीवर बसवण्यासाठी, पट्टा अडकवण्यासाठी, घंटी लावण्यासाठी बँडवाले शेलला भोकं पाडतात. बाहेरून ती पत्र्याच्या पट्टीखाली लपतात. आतून टॉर्च मारला की कळतं: कारखान्याचं भोक स्वच्छ आणि आतल्या रंगाइतकंच जुनं दिसतं, नंतरच्या भोकाची कड ताज्या लाकडाची आणि फाटलेली असते. पुढच्या पानावर पार्टीचं नाव रंगवलं असेल तर हरकत नाही, पान बदलता येतं. शेलवर रंगवलं असेल तर भाव उतरतो.

मग गोलाई. व्यास दोन-तीन दिशांनी मोजा. फरक 3 मिलिमीटरच्या वर गेला तर शेल वाकडा आहे आणि नवं पान नीट बसणार नाही. पान काढताना ते शेलला घट्ट अडकलं तरी हाच संशय घ्यावा. त्यानंतर शेल काचेवर पालथा ठेवून आत टॉर्च लावा. जिथून उजेड फुटतो तिथे कड झिजली किंवा बसली आहे.

खान्देशातल्या उन्हाळ्यात पत्र्याखाली ठेवलेल्या सेटचं प्लास्टिकचं आवरण आकसतं, जोड उघडा पडतो, गोंद सुटतो. हे पाहून घाबरू नका. मूळ आवरण परत चिकटवता येतं. चकाचक नवं आवरण मात्र संग्राहकाच्या लेखी मोठा तोटा. ढोबळ हिशेबाने नवं आवरण किंवा नव्याने मारलेला रंग निम्मी किंमत खातो.

3. सुटे भाग मोजा

22 इंची बास ड्रमला साधारण 10 आणि 10 असे 20 बोल्ट व तितक्याच पकडी (पानावरचं कडं धरणारे आकडे) लागतात. फ्लोअर टॉमला (जमिनीवर उभ्या राहणाऱ्या ड्रमला) तीन पाय. अमेरिकी ड्रमचे बोल्ट 12-24 या मापाच्या आट्यांचे असतात. हार्डवेअरच्या दुकानातला जवळपासच्या मापाचा बोल्ट दाबून बसवला की लगच्या (शेलवरच्या बोल्ट धरणाऱ्या भागाच्या) आतल्या आट्या खराब होतात, म्हणून प्रत्येक बोल्ट हाताने फिरवून पाहा. 1960 च्या दशकातल्या प्रीमियर या ब्रिटिश कंपनीच्या काही ड्रमचं माप किंचित वेगळं आहे, त्यांना आजचं नेहमीचं पान बसत नाही. घेताना तो खर्च धरा.

4. स्नेअर आणि झांजा वेगळ्या ठेवा

स्नेअरला (खाली तारा असलेल्या छोट्या ड्रमला) चुंबक लावा. लुडविगच्या सुप्राफोनिक या स्नेअरचा शेल 1963 नंतर मुख्यतः ॲल्युमिनियमचा, त्याला चुंबक चिकटत नाही. त्यावरच्या क्रोमला बारीक खड्डे पडतात. तो दोष इतका सर्रास आहे की त्यासाठी फार कापू नये. चुंबक चिकटला तर पोलादी शेल, सहसा स्वस्तातला.

झांजेची कड बोटाने चाचपा, मधलं भोक लांबट झालंय का पाहा. तडा गेलेली झांज धातूच्या भावाची. आणि विकण्याआधी चिंच किंवा पितांबरीने घासू नका. शाईतलं नाव पुसलं जातं, जुना रंग जातो, आणि स्वच्छतेपायी पैसे घालवल्यासारखं होतं.

5. आकडा काढा

रिव्हर्बसारख्या जुनी वाद्यं विकणाऱ्या संकेतस्थळावर तीच कंपनी, तेच दशक, तीच मापं, तोच रंग शोधा. मागितलेली किंमत बघू नका, विकला गेलेला भाव बघा, आणि त्यातला सर्वांत वरचा सोडून मधला घ्या. मोठा सेट महाग असं नाही: 20-12-14 (बास ड्रम, टॉम आणि फ्लोअर टॉमचे इंचातले व्यास) च्या छोट्या सेटला 22-13-16 पेक्षा बहुधा जास्त मागणी असते.

समजा मधला भाव 1,50,000 रुपये निघाला. आपल्याकडे गिऱ्हाईक कमी, म्हणून 20 टक्के वजा: 1,20,000. बास ड्रमला दोन जास्तीची भोकं, 15 टक्के वजा: 1,02,000. पाच पकडी आणि एक पाय गायब, मूळ भाग मिळवायचा खर्च 9,000 धरला तर 93,000. घासाघिशीची जागा ठेवून 1,00,000 सांगावेत आणि 90,000 च्या खाली उतरू नये. स्नेअर व झांजांचा हिशेब याशिवाय. शेल वाकडा निघाला तर हा हिशेब बाजूला ठेवून सुट्या भागांचीच किंमत करा.

बिल्ला नसलेल्या, निव्वळ वाजवायच्या सेटचं गिऱ्हाईक बँड पार्ट्याच. त्यांची खरेदी तुळशीच्या लग्नाआधी किंवा आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी होते. आषाढात विकायला काढलात तर पडेल तो भाव घ्यावा लागेल. संग्राहक बहुधा मुंबई-पुण्याकडचा, तो आधी फोटो मागतो. बिल्ला, प्रत्येक शेलची आतली बाजू, काचेवरची कड आणि प्रत्येक जास्तीचं भोक, एवढे फोटो स्वतःहून पाठवा. सेट पोहोचल्यावर सापडलेलं भोक सांगितलेल्या भोकापेक्षा फार महागात पडतं.