गोठवलेल्या पेशी वितळवताना

उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये पेशी वर्षानुवर्षे टिकतात, पण बाहेर काढल्यावर पहिल्या दहा मिनिटांत त्यांतल्या निम्म्याही गमावता येतात. यातली खुबी एवढीच: वितळवा झटकन, पातळ करा सावकाश.

आधी ९ मिली माध्यम (पेशी वाढवायचा पोषक द्रव) ३७ अंशांवर कोमट करून ठेवा. रिकामी १५ मिलीची नळी, पिपेट, सत्तर टक्के इथेनॉल हाताशी हवे. व्हायल (गोठवलेल्या पेशींची कुपी) हातात घेऊन शोधाशोध नको. फेस शील्ड लावाच. द्रवात बुडालेल्या व्हायलमध्ये नायट्रोजन शिरला असेल, तर वायू होताना तो सुमारे ७०० पट फुगतो आणि व्हायल फुटते.

वॉटर बाथमध्ये व्हायल झाकणाच्या खालपर्यंतच धरा, नाहीतर आट्यांमधून पाणी आत जाते आणि चार दिवसांनी फ्लास्कमध्ये बुरशी दिसते. हलकेच गोल फिरवत राहा. एक-दोन मिनिटांत तांदळाच्या दाण्याएवढा बर्फ उरला की बाहेर काढा, इथेनॉलने पुसा. इथे रेंगाळलात तर बारीक बर्फकण एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि पेशींचे पटल फाडतात. शेवटचा कण मुद्दाम ठेवायचा, कारण कोमट झालेले दहा टक्के डीएमएसओ (गोठवताना पेशींना बर्फापासून वाचवायला घातलेले रसायन) पेशींना सोसत नाही.

आता घाई पूर्ण थांबवा. पेशी रिकाम्या नळीत घ्या आणि पहिला १ मिली माध्यम थेंबथेंब, मिनिटभर लावून, नळी हलवत घाला. उरलेले ८ मिली मग हळूहळू. पेशीच्या आत डीएमएसओ भरलेले असते. बाहेरचे एकदम पातळ झाले की पाणी आत धावते, पेशी फुगते आणि फुटते. माध्यम एका दमात ओतणे ही सर्वांत जास्त दिसणारी चूक आहे.

सेंट्रिफ्यूज २०० ते ३०० जी (गुरुत्वाकर्षणाच्या इतके पट), ५ मिनिटे. आरपीएमवर (मिनिटाला फेऱ्यांवर) विसंबू नका: १५०० आरपीएम म्हणजे १० सेंटिमीटर त्रिज्येच्या रोटरवर साधारण २५० जी, पण १६ सेंटिमीटरवर ४०० जी. गाळ चिकट, धाग्यासारखा ओढला जात असेल तर तो फुटलेल्या पेशींचा डीएनए. जोरात पिपेट करू नका, डीएनेज (डीएनए तोडणारे विकर) वापरा.

मोजणी: पेशी आणि ०.४ टक्के ट्रिपॅन ब्लू (मेलेल्या पेशींनाच निळे करणारा रंग) समान भाग. हिमोसायटोमीटरच्या (पेशी मोजायच्या आखीव काचेच्या) चार मोठ्या चौकोनांत १६० पांढऱ्या, ४० निळ्या दिसल्या, तर सरासरी ४० × २ × १०,००० म्हणजे मिलीला ८ लाख जिवंत पेशी, ८० टक्के. प्रेरित बहुक्षम पेशी (प्रौढ पेशींपासून बनवलेल्या मूलपेशी) असतील तर पहिले २४ तास माध्यमात १० मायक्रोमोलर वाय-२७६३२ (पेशींना मरण्यापासून वाचवणारे रसायन) घाला.

रुग्णाला द्यायच्या तयार उत्पादनाला मात्र यातले काही लावू नका. किमराया ही कार-टी पेशींची (कर्करोगावर मारा करायला बदललेल्या रोगप्रतिकारक पेशींची) पिशवी धुवायची नसते आणि वितळल्यापासून ३० मिनिटांत द्यायची असते. तिथे उत्पादकाचीच सूचना चालते.

पहिल्या मोजणीवर भरवसा ठेवू नका. गोठवण्याने जखमी झालेल्या पेशी तेव्हा निळा रंग घेत नाहीत, पण पुढच्या २४ तासांत मरतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा. तेव्हा निम्म्या मरून तरंगताना दिसल्या, तर वितळवण्याइतकाच गोठवण्यावरही संशय घ्या: मिनिटाला १ अंश उतार नीट मिळाला होता का, आणि नायट्रोजनमध्ये जाण्याआधी व्हायल उणे ८० च्या फ्रीजरमध्ये किती दिवस पडून होती, हे नोंदवहीत पाहा.