सहलीला भाड्याची गाडी ठरवताय? ड्रायव्हरच्या विश्रांतीचा बेत असा आखा

हॉटेल निवडताना आपण रिव्ह्यू चाळून चाळून वाचतो. गाडी चालवणारा रात्री कुठे झोपणार, हे मात्र मुक्कामाला पोचल्यावर कळतं, आणि उत्तर बहुतेकदा ठरलेलं असतं: गाडीतच, सीट मागे टाकून. विश्रांती आणि कामाच्या तासांना वाजवी मर्यादा हा प्रत्येक माणसाचा हक्क आहे, असं 1948च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचं 24वं कलम सांगतं. सहलीपुरता तो पाळणं बऱ्यापैकी सहल ठरवणाऱ्याच्याच हातात असतं.

1. आधी तास मोजा, मग ठिकाणं ठरवा. शुक्रवारी रात्री अकराला पुण्यातून निघायचं, सकाळी मालवण, आंघोळी उरकून लगेच किल्ल्याच्या जेट्टीवर. हा बेत प्रवाशांना सोयीचा, कारण ते गाडीत झोपतात. ड्रायव्हर रात्रभर जागा, आणि 'गाडी दिवसभर आपलीच आहे' म्हणून दुपारी पुन्हा तारकर्ली-देवबागच्या फेऱ्या. 1961च्या मोटार परिवहन कामगार कायद्यानं साधारणपणे दिवसाला 8 तास, आठवड्याला 48 तास आणि 5 तास कामानंतर किमान अर्धा तास विश्रांती अशी चौकट आखली होती. पाचपेक्षा कमी कामगार असलेल्या मालकाला तो कायदा लागूच नव्हता. तरी बेत आखायला हे आकडे चांगले आहेत. पुणे ते मालवण चारशेच्या आसपास किलोमीटर, त्यात घाट. म्हणजे तो एक दिवस प्रवासातच गेला असं धरा, वाटेत आणखी देवदर्शन घुसवू नका. अष्टविनायक दोन दिवसांतच उरकायचे असतील तर दोन ड्रायव्हर मागा, नाहीतर तिसरा दिवस काढा. बाप्पाला घाई नाही.

2. बुकिंगच्या फोनवरच विचारा. आदल्या रात्री ड्रायव्हर कुठल्या ड्युटीवर आहे? पहाटेची एअरपोर्टची ट्रिप मारून तो थेट तुमच्या दारात येणार असेल, तर दुसरा माणूस मागा. बिलात किलोमीटर, टोल, पार्किंग यांच्याखाली 'ड्रायव्हर भत्ता' आणि 'नाइट चार्ज' असतात. ते त्याच्या हातात पडतात का, हेही विचारा. 'ते आमचं आम्ही बघतो' असं उत्तर आलं, तर भत्ता रोज संध्याकाळी आम्हीच त्याला देऊ आणि बिलातून वजा करू, हे मालकाकडून व्हॉट्सअ‍ॅपवर आधीच कबूल करून घ्या.

3. 'ड्रायव्हरची सोय आहे' म्हणजे नेमकं काय, ते खोदून विचारा. पलंग, पंखा, मच्छरदाणी, संडास-बाथरूम, मोबाइल चार्ज करायला प्लग? की रिसेप्शनचा सोफा? कोकणात उघड्या पडवीत डासांमुळे डोळ्याला डोळा लागत नाही, आणि त्याच माणसाला सकाळी घाट चढवायचा असतो. तमिळनाडूनं 2023 मध्ये इमारतींच्या नियमांत बदल करून हॉटेल-लॉजमध्ये पाहुण्यांच्या ड्रायव्हरांसाठी झोपायची आणि स्वच्छतागृहाची सोय सक्तीची केली. मुक्कामाच्या ठिकाणी तसं काही नसेल, तर साधी नॉन-एसी खोली घ्या आणि तिचा खर्च सगळ्यांत वाटून टाका. दहा-बारा जणांच्या ट्रॅव्हलरमध्ये तो माणशी एका थाळीइतकाही येत नाही.

4. जेवण. तुम्ही जेवता तेव्हाच, तेच.

5. 'नाही' म्हणायची मुभा आधीच द्या. निघतानाच सांगा: "दादा, डोळे जड झाले की गाडी बाजूला घ्या, आम्हाला उशीर चालेल." हे सगळ्यांसमोर बोला, म्हणजे मागच्या सीटवरचा घाईचा काकाही ऐकतो. रात्री अकराला बीचवर न्यायला ड्रायव्हरनं नकार दिला म्हणून ॲपवर एक स्टार देऊ नका. त्या एका स्टारवरून त्याच्या पुढच्या ड्युट्या कमी होऊ शकतात.

6. परतीची वेळ संध्याकाळची धरा. तुम्हाला सोडलं की त्याचं काम संपत नाही. गाडी धुवायची, किलोमीटरचं रीडिंग लिहायचं, गाडी मालकाच्या पार्किंगला लावायची, मग घर गाठायचं. मध्यरात्री पोचलात तर त्याला शेवटची बसही मिळत नाही. अशा वेळी रिक्षाचं भाडं वेगळं काढून द्या, आणि उद्या सकाळची ड्युटी त्याला लावू नका, हे मालकाला फोन करून सांगा.