गाठ कुठे थांबेल? लघुतम अंतराचे गणित भौतिक विचाराने सोडवताना
ठाणे, डोंबिवली आणि वाशी या तीन स्थानकांपासूनच्या सरळ अंतरांची बेरीज सर्वांत कमी भरेल असा बिंदू नकाशावर शोधायचा आहे, असे समजू. फ्रेंच गणिती फर्माने सतराव्या शतकात विचारलेल्या आणि इटालियन शास्त्रज्ञ टॉरिचेलीने सोडवलेल्या प्रश्नाचेच हे रूप आहे. अंतराच्या सूत्रातून येणाऱ्या तीन वर्गमुळांचे विकलन करत बसण्यापूर्वी येथे वजने टांगून पाहावीत.

नकाशा प्लायवुडच्या फळीवर चिकटवून तिन्ही स्थानकांवर भोके पाडावीत आणि त्यांच्या कडा पॉलिश पेपरने घासाव्यात, नाहीतर घर्षणामुळे गाठ भलतीकडेच थांबते. फळी दोन स्टुलांवर आडवी ठेवून प्रत्येक भोकातून एक दोरा खाली सोडावा, वरची तिन्ही टोके एकत्र गाठावीत, खाली सारखी वजने बांधावीत आणि गाठ मोकळी सोडावी.

वजने शक्य तितकी खाली उतरतात, म्हणजेच फळीखालच्या दोऱ्यांची एकूण लांबी जास्तीत जास्त होते; दोरा तेवढाच असल्यामुळे फळीवरची लांबी, म्हणजे आपल्याला हवी असलेली बेरीज, आपोआप कमीत कमी होते. अशा प्रत्येक गणितात हाच दुवा आधी शोधावा: जी राशी लघुतम करायची आहे, ती कोणत्या रचनेची स्थितिज ऊर्जा ठरेल? तो सापडला की विकलनाचे काम समतोलाची अट करते. गाठीवरील तीन समान बलांची बेरीज शून्य असल्याने ती एकापुढे एक मांडल्यास समभुज त्रिकोण होतो, म्हणून दोऱ्यांमधला प्रत्येक कोन १२० अंशांचाच असला पाहिजे.

आता डोंबिवलीऐवजी पनवेल घ्यावे. गाठ थेट वाशीच्या भोकाशी जाऊन अडते, कारण या त्रिकोणात वाशीचा कोन १२० अंशांहून मोठा आहे. मला हा टप्पा सर्वांत मोलाचा वाटतो, कारण सूत्र पाठ करणाऱ्याच्या नजरेतून निसटणारा अपवाद येथे वजनेच दाखवून देतात. मूळ मांडणीत डोंबिवलीचे वजन दुप्पट केले, तर उरलेली दोन्ही वजने मिळूनही गाठ रोखू शकत नाहीत आणि ती डोंबिवलीकडेच ओढली जाते.

मात्र उत्तर सापडले म्हणजे सिद्धता झाली असे मानू नये. आर्किमिडीजने गोलाचे घनफळ तरफेच्या समतोलातून शोधले, तरी सिद्धता भूमितीने वेगळी दिली. आपणही वहीत अंतरांची बेरीज हे बहिर्वक्र फलन (ज्याचा आलेख वाटीसारखा असतो असे फलन) आहे हे दाखवून, समतोलाचा बिंदू हाच लघुतम बिंदू का ठरतो, ते स्वतंत्रपणे लिहावे.